चाकावरचे स्वस्तिक

खामगावचे नाव दोन गोष्टींमुळे दूरवर गेले. एक कापूस, दुसरी चांदी. कापसासाठी १८७० साली जलंबहून येथवर आगगाडीचा फाटा आला आणि त्याच्या उद्घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः येऊन गेला. चांदीमुळे हे गाव रजतनगरी म्हणवून घेते. या दोन्ही धंद्यांत राबणाऱ्या माणसांची संघटना बांधण्यात आमचे आयुष्य गेले. शाळा आम्हांस सातवीपर्यंतच लाभली. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर आणि संपाच्या मांडवात झाले. तेव्हा आज जो इतिहास आपणांपुढे मांडावयाचा, तो पंडिताचा नव्हे. एका कारागिराच्या मुलीने आम्हांस एक प्रश्न विचारला, त्याचे उत्तर चटकन देता आले नाही, म्हणून पुस्तके उघडावी लागली. इतकीच या व्याख्यानाची जन्मकथा.

मुलीचे वडील चांदीला झिलई देण्याचे काम करतात आणि आमच्या युनियनचे जुने सभासद आहेत. मुलगी शिकली, जर्मनीत नोकरीला लागली. निघताना बापाने तिला एक तबक दिले. मध्यभागी कमळ, कमळात स्वस्तिक. बापाने स्वतःच्या हाताने उजळलेले. पहिल्या दिवाळीला तिने फोनवर विचारले, "काका, इथं जिन्यात सगळ्यांची दारं समोरासमोर आहेत. दारात रांगोळीचं स्वस्तिक काढून त्याच्यापाशी बाबांचं तबक ठेवू का? समोर एक आजी राहतात. त्यांना काय वाटेल?" बाप शेजारीच बसला होता. तो उसळून म्हणाला, "आपलं चिन्न हाय. आपल्याच दारात लाज कायची?"

आम्हांस दोघांचेही पटत होते, आणि अडचण होती ती हीच.

चिन्ह आपले आहे यात शंका नाही. मोहेंजोदडोच्या मुद्रांवर ते आहे. पाणिनीच्या व्याकरणात एक सूत्र आहे. जनावरांच्या कानांवर ओळखीसाठी ज्या खुणा करीत, त्यांच्या यादीत स्वस्तिक येते. म्हणजे ऋषिमुनींप्रमाणेच गुराख्यालाही ते ठाऊक होते. आपल्याकडे जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतील दानलेखांपाशी ते कोरलेले आढळते. जैन मंदिरात तांदळाचे स्वस्तिक मांडतात. त्याच्या चार भुजा म्हणजे जीवाच्या चार गती, आणि सातवे तीर्थंकर सुपार्श्वनाथ यांचे ते लांछन आहे. खामगावच्या अडत्याच्या पेढीवर लक्ष्मीपूजनाच्या रात्री नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते. त्याच वहीत पुढे वर्षभर हमालाची मजुरी कमी लिहिलेली आम्ही पाहिली आहे, ही गोष्ट वेगळी. पहिल्या पानावर शुभ लिहिल्याने आतला हिशेब शुभ होत नाही, एवढे आम्ही फार लवकर शिकलो.

कामगारही याला अपवाद नाहीत. खंडेनवमीला जिनमधले रेचे धुऊनपुसून स्वच्छ करतात, झेंडूची माळ घालतात आणि मोठ्या चाकावर कुंकवाचे स्वस्तिक काढतात. चाकाशेजारी आमच्या युनियनचा लाल बावटा उभा असतो. कुंकूही लाल, बावटाही लाल. वर्षानुवर्षे आम्ही तो नारळ फोडीत आलो आणि त्यात कोणाला काही खटकेल असे कधी मनातही आले नाही.

आता हे चिन्ह तिकडे कसे बिघडले ते पाहू. १८७१ पासून श्लीमान नावाच्या जर्मन व्यापाऱ्याने तुर्कस्तानात ट्रॉय शहराचे उत्खनन चालविले. तेथील मातीच्या वस्तूंवर त्याला ही खूण पुन्हा पुन्हा सापडली. त्याने मॅक्समुल्लरला विचारले. मॅक्समुल्लरने त्यास बजावले की, स्वस्तिक हा शब्द हिंदुस्थानातला आहे, त्याला तेथला इतिहास आहे. हिंदुस्थानाबाहेरच्या खुणेला ते नाव देऊ नये. १८८० साली श्लीमानने आपल्या ग्रंथात हे पत्र छापलेही. परंतु इशारा कोणी मनावर घेतला नाही. ही आर्य वंशाची खूण आहे असे एक खूळ युरोपात निघाले. ज्या लोकांना आर्य म्हणजे काय आणि स्वस्ति म्हणजे काय हे कोणी धड सांगितले नव्हते, त्यांच्या हाती ते खूळ पडले. १९२० साली हिटलरच्या पक्षाने ती खूण आपल्या झेंड्यावर घेतली. जर्मन भाषेत ते तिला आकड्याचा क्रूस अशा अर्थाच्या नावाने संबोधीत. १५ सप्टेंबर १९३५ रोजी तोच झेंडा जर्मनीचा एकमेव राष्ट्रध्वज झाला, आणि त्याच दिवशी न्यूरेंबर्ग येथे ज्यूंचे नागरिकत्व हिरावणारे कायदे झाले. पुढे त्या झेंड्याखाली साठ लक्ष ज्यूंची हत्या झाली.

हे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु कामगारांच्या माणसाने एक तारीख आणखी लक्षात ठेवावी: २ मे १९३३. त्या वर्षी हिटलरने १ मे हा दिवस राष्ट्रीय श्रमदिन म्हणून जाहीर केला आणि पगारी सुट्टी दिली. कित्येक दशके युरोपातले कामगार ज्या दिवसासाठी झगडले, तो सरकारने आपण होऊन देऊ केला! मोठमोठ्या मिरवणुका निघाल्या. युनियनच्या पुढाऱ्यांनीही सभासदांना त्यांत सामील होण्यास सांगितले. वाटले, जुळवून घेतले तर संघटना तरी वाचेल. दुसऱ्या दिवशी सकाळी नाझी टोळ्या साऱ्या जर्मनीतील युनियनच्या कचेऱ्यांत शिरल्या. पुढारी पकडले, निधी जप्त केला. डुइसबुर्ग शहरात युनियनच्या चार कार्यकर्त्यांना त्यांच्याच इमारतीच्या तळघरात मरेपर्यंत मारले. पुढे थोड्याच दिवसांत सरकारी श्रमिक आघाडी निघाली. तिचे बोधचिन्ह काय होते? यंत्राचे दातेरी चाक, आणि त्या चाकाच्या मध्यभागी स्वस्तिक.

हे चित्र आम्ही प्रथम पाहिले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. चाक, आणि चाकावर स्वस्तिक. आमची खंडेनवमी! जी खूण आमचे हमाल आणि रेचेवाले यंत्राने हात खाऊ नये म्हणून भक्तिभावाने काढतात, तीच खूण तशाच चाकावर काढून कोणीतरी आमच्याच भाऊबंदांच्या संघटनांचा गळा दाबला होता. तेव्हा त्या जर्मन म्हाताऱ्या बाईला काय वाटेल, हा प्रश्न मग परका राहिला नाही.

असे झाल्यावर चिन्हाच्या मूळ मालकांनी काय करावे? इतिहासात याची निरनिराळी उत्तरे मिळतात. रुडयार्ड किपलिंग मुंबईत जन्मला. त्याचा बाप तेथील जे. जे. कलाशाळेत शिकवीत असे. किपलिंगच्या पुस्तकांवर गणपतीच्या हत्तीमुखासह स्वस्तिक छापलेले असे. नाझींचा बोलबाला होताच आपण त्यांच्यातले समजले जाऊ नये म्हणून त्याने ते ठशातून काढून टाकविले. अमेरिकेतील नावाहो, होपी, अपाची आणि पापागो या आदिवासींच्या विणकामात ही खूण पिढ्यान् पिढ्या होती. त्यांच्या लेखी ती मैत्रीची खूण. १९४० च्या फेब्रुवारीत त्यांच्या प्रतिनिधींनी ॲरिझोनात एका कागदावर सह्या केल्या आणि आपल्या घोंगड्यांवर, टोपल्यांवर यापुढे ती काढणार नाही असे जाहीर केले. ज्यांच्या जमिनी गेल्या, नद्या गेल्या, त्यांनी आपली एक खूणही दुसऱ्याच्या पापापायी सोडून दिली. त्यांच्या औदार्याला आम्ही हात जोडतो. परंतु त्यांनी सोडल्याने नाझी थांबले नाहीत हेही खरेच. नुकसान झाले ते विणणाऱ्या बायांचेच.

दुसरे उत्तर कायद्याचे. जर्मनीत नाझी चिन्हे लावणे हा गुन्हा आहे, आणि तो असावा. २००७ साली अशी बंदी साऱ्या युरोपात लागू करण्याचा विचार निघाला, तेव्हा तेथील हिंदूंनी हरकत घेतली आणि स्वस्तिकाचा मुद्दा मागे पडला. त्याच वर्षी जर्मनीच्या सर्वोच्च फौजदारी न्यायासनाने ठरविले की, नाझी खुणेवर काट मारून तिचा निषेध करणारा माणूस गुन्हेगार ठरत नाही. २०२२ साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने नाझी चिन्हांवर बंदी घातली, पण हिंदू, बौद्ध आणि जैन यांच्या धार्मिक वापराला स्पष्ट शब्दांत मोकळीक ठेवली. म्हणजे रेषा त्याच असल्या तरी हेतू वेगळा असू शकतो, हे न्यायाधीशाला आणि आमदारालाही कळते. शहाण्या कायद्याने एवढे केले तरी पुष्कळ. शेजाऱ्याचे मन मात्र कलमांनी वळत नाही.

आता आपल्या घरचा दाखला घेऊ. कोकणात अलिबाग, पेण, रेवदंडा या भागात बेने इस्राएल लोक शतकानुशतके राहिले. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची भाषा मराठी, नेसणे मराठी. त्यांच्या शेजारच्या दारावर स्वस्तिक होते, देवळावर होते, ज्याच्याशी देवघेव त्या वाण्याच्या वहीवर होते. त्या खुणेखाली शेजाऱ्याने त्यांना कधी छळले नाही, म्हणून त्या खुणेचे भय त्यांना कधी वाटले नाही.

परंतु २००६ च्या ऑगस्टमध्ये नव्या मुंबईत एक उपाहारगृह निघाले. त्याचे नाव 'हिटलर्स क्रॉस'. पाटीवर नाझी स्वस्तिक, भिंतीवर हिटलरचे चित्र. लोकांचे लक्ष जावे एवढ्यासाठीच नाव ठेवले, असे चालकांचे म्हणणे होते. तेव्हा मुंबईच्या ज्यू समाजाने निषेध केला आणि काही दिवसांतच नाव बदलावे लागले. येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. ज्या समाजाला शेजारच्या उंबऱ्यावरचे स्वस्तिक शेकडो वर्षे बोचले नाही, त्याला त्या पाटीवरचे बोचले. यात त्या समाजाने काही विसंगती केली का? मुळीच नाही. त्याला फरक नेमका कळत होता. कळत नव्हता तो आपल्याला. स्वस्तिकाची बदनामी युरोपाने केली म्हणून आपण कंठशोष करतो, आणि आपल्याच राज्यात कोणी हिटलरचे नाव धंद्याला लावले, त्याचे पुस्तक कौतुकाने वाचले, तर गंमत म्हणून सोडून देतो. चोराला घरात जेवू घालून चोरीची तक्रार कोणाकडे करावयाची? पुढे २००८ साली जेरुसलेम येथे हिंदू आणि ज्यू धर्मपुढाऱ्यांच्या परिषदेने स्वस्तिक हे हिंदूंचे प्राचीन मंगलचिन्ह असल्याचे मान्य केले. ज्यांना अधिक सोसावे लागले त्यांनी आपले ऐकून घेतले. आपण त्यांचे किती ऐकले?

येथवर आम्ही दुसऱ्यांना उपदेश केला. परंतु आमच्या स्वतःच्या हातात एक चिन्ह आहे आणि त्याचाही हिशेब दिला पाहिजे. तो म्हणजे आमचा लाल बावटा.

१९२८ च्या मुंबईतील गिरणीसंपापासून महाराष्ट्रातील कष्टकऱ्याने त्या बावट्याखाली पगार, रजा, माणुसकी मिळविली. आमच्या लेखी तो पवित्र आहे. परंतु १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुले. १ सप्टेंबर १९३९ रोजी त्यांच्या देशावर पश्चिमेकडून स्वस्तिकाचा झेंडा चालून आला, आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून लाल तारा. या लोकांना घरांतून उचलून सैबेरियाकडे नेले ते लाल ताऱ्याच्या सरकारने. तेथे कित्येकांची माणसे थंडीने आणि उपासमारीने गेली. आमचा बावटा पाहून त्यांना आठ तासांचा दिवस आठवावा असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे?

हंगेरीत एका डाव्या पक्षाच्या पुढाऱ्याने २००३ साली सभेत कोटावर लाल तारा लावला म्हणून त्याच्यावर खटला झाला. २००८ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाने म्हटले ते असे: तो तारा जुलमी राजवटीचा आहे, तसाच कामगार चळवळीचाही आहे, दुखावलेल्यांची वेदना समजण्याजोगी आहे, पण केवळ तेवढ्यावरून बोलण्याचे स्वातंत्र्य हिरावता येत नाही. निकाल वाचून आम्हांस आनंद झाला. नंतर मनात आले, स्वस्तिकासाठी आम्ही जो न्याय मागतो तोच हा; मग पोलंडच्या म्हातारीचे ऐकण्याची जी जबाबदारी आमच्यावर येते, ती स्वस्तिकवाल्यावर नाही काय? आणि स्वस्तिकवाल्याकडून आम्ही जी अपेक्षा करतो, ती बावटेवाल्याने का टाळावी?

हे आम्ही पुस्तकात शिकलो असे मात्र नव्हे. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या युनियनने एक दिवसाचा बंद पुकारला होता. मिरवणुकीतल्या एका तरुणाने रस्त्यावर उभ्या असलेल्या केळीवाल्याची हातगाडी झेंड्याच्या काठीने झोडपली. तराजू मोडला, एक तडाखा गाडीवाल्याच्या मनगटावर बसला. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो. बावट्याचा इतिहास सांगू लागलो. शिकागोचे हुतात्मे, मुंबईचे संप, तो गरिबाचाच झेंडा आहे, वगैरे. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "भाऊ, तुमी झेंड्याचं सांगता. मले झेंडा दिसलाच नाही. मले काठी दिसली."

त्या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. आम्ही त्याचा तराजू भरून दिला, त्या तरुणाला सर्वांसमक्ष माफी मागायला लावली आणि कार्यकारिणीत ठराव केला की, मिरवणुकीत झेंड्याची काठी अंगठ्याहून जाड असता कामा नये. काही जण हसले. ठराव अजून चालू आहे. गाडीवाला पुढे कित्येक वर्षे आमची मिरवणूक आली की गाडी बोळात ओढून घेई. आम्ही त्याला कधी विचारले नाही की, बाबा, आता तरी का घाबरतोस? तो हक्क त्याचा होता.

श्रोतेहो, यातून आम्ही जे घेतले ते सांगतो. चिन्ह सोडून देऊ नये. दरोडेखोराने आपले भांडे पळविले म्हणून भांड्यात जेवणेच सोडले, तर दरोडेखोराचाच विजय झाला. परंतु चिन्ह आपले आहे असे म्हणणारा माणूस मालकी सांगत असतो, आणि मालकीबरोबर जबाबदारी येते. आपल्या चिन्हाखाली कोणी अन्याय केला, तर त्याचा जाब परक्याआधी आपण विचारला पाहिजे. स्वस्तिकाचा खरा अभिमानी तो, जो हिटलरची पाटी पाहून सर्वांत आधी संतापतो. बावट्याचा खरा अभिमानी तो, जो सैबेरियातले दुःख झाकून ठेवीत नाही. हा जाब न विचारता नुसता इतिहास सांगणारा माणूस वहीवर शुभ लिहून आत खोटा हिशेब मांडणाऱ्या अडत्यासारखा आहे. आणि दुखावलेल्या माणसापुढे आधी इतिहास वाचू नये. आधी त्याचे ऐकावे.

त्या मुलीला आम्ही असे कळविले: "पोरी, स्वस्तिक सोडू नकोस. पण रांगोळी काढण्याआधी समोरचे दार वाजव. दिवाळी म्हणजे काय, ही खूण म्हणजे काय, हे सांग. त्याआधी आजींना काय सांगावयाचे असेल ते ऐकून घे. त्यांना चालत असेल तर खुशाल काढ. त्यांच्या मनाला लागत असेल, तर जिना सर्वांचा आहे. तेथे पणत्या लाव, कमळ काढ, आणि स्वस्तिक उंबऱ्याच्या आत ठेव. आत ठेवण्यात लाज नाही. आपले देव आतच असतात." बापाला हे फारसे रुचले नाही. दोन दिवस तो आमच्याशी बोलला नाही.

आजींनी तिला काय सांगितले ते तिने आम्हांस लिहिले नाही, आम्हीही विचारले नाही. त्या दिवाळीचा एक फोटो मात्र तिने बापाला पाठविला. जिन्यात पणत्यांची ओळ, त्यांतल्या दोन समोरच्या दारापाशी. हिचे दार सताड उघडे आणि आत देवापुढे ते तबक. बाप कचेरीत आला, फोटो आमच्यापुढे धरला. बराच वेळ तोही पाहत राहिला. मग म्हणाला, "झिलई अजून टिकून हाय."